जुनी गाडी स्वस्त पडायची की आताची?

खान्देशी_गाडीवाला (जळगाव):
राम राम मंडळी. वडिलांकडे कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुना पार्ट) मारुती ८०० होती, सतत काहीतरी चालूच असायचं, प्लग काढून पुसा, थंडीत चोक ओढा, पण कोपऱ्यावरचा मिस्त्री किरकोळ पैशात काम करून द्यायचा. माझी बीएस ६ (गाडीच्या धुराचा सरकारी नियम) डिझेल आहे, सर्व्हिसिंग वर्षातून एकदाच पण बिल पाहून वडील म्हणतात एवढ्यात आमचं वर्ष निघायचं. खरंच तसं होतं का? माझं रनिंग जास्त करून गावातच.

जुना_मिस्त्री (धुळे):
भाऊ, वडिलांना फक्त पैसे आठवताहेत, वेळ नाही. ॲम्बेसेडर, पद्मिनीच्या काळात ऑइल तीन-चार हजार किलोमीटरला बदलावं लागे, आता सिंथेटिक दहा हजार आरामात जातं. पॉइंट, म्हणजे प्लगला ठिणगी वेळेवर मिळवून देणारे संपर्क, जळायचे, पॉलिश पेपरने घासून फिलर गेजने (फट मोजायची पातळ पट्टी) गॅप लावायचा, पुन्हा थोड्या दिवसांनी तेच. कन्नड घाटात तर मे महिन्यात बोनेट उघडून उभ्या गाड्या ठरलेल्याच, कारण रेडिएटरमध्ये लोक बोअरचं पाणी भरायचे आणि आपल्याकडचं पाणी क्षारवालं, आत थर बसून नळ्या चोक व्हायच्या. २००० च्या आसपास बीएस २ आलं, कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारी सिस्टीम, आलं आणि रोजची कटकट संपली. पण आता सेन्सर, इंजेक्टर गेला तर स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही आणि पार्ट दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो, म्हणून बिल एकदम अंगावर येतं. आजही एक सांगतो, कूलंट संपलं म्हणून नळाचं पाणी टाकू नका, या उन्हात तर अजिबात नाही.

भुसावळ_४५डिग्री:
आमच्याकडे उन्हानेच निम्मा खर्च वाढतो, बॅटरी इथे लवकर बसते, वायपरचं रबर कडक होऊन तडकतं. जुन्या गाडीत एसीच नव्हता त्यामुळे तो खर्चही नव्हता, हे पण धरा की.

तापीकाठ (नंदुरबार):
मेंटेनन्सपेक्षा इंधन बघा. २०१४ मध्ये डिझेलचा दर सरकारने बाजारावर सोडला, आधी पेट्रोल आणि डिझेलमध्ये जो मोठा फरक होता तो कमी झाला, २०२१ मध्ये तर आपल्याकडे पेट्रोल शंभरी पार गेलं. डिझेल गाडी महाग घ्यायची आणि गावातच फिरवायची याला आता अर्थ उरला नाही. शिवाय बीएस ६ डिझेलला डीपीएफ असतो, काजळी अडवणारी जाळी समजा, ती साफ व्हायला गाडी हायवेवर सलग गरम चालावी लागते. गावातल्या गावात चालली की ती भरत जाते, आणि बदलायची वेळ आली तर खर्च जबर.

खान्देशी_गाडीवाला:
अरे हे कोणी सांगितलंच नव्हतं घेताना! डॅशबोर्डवर एक दिवा मधूनच लागतो, तोच असावा का? नवीन हायवेने धुळ्यापर्यंत एक चक्कर मारली तर चालेल?

जुना_मिस्त्री (धुळे):
मॅन्युअलमध्ये दिव्याचं चित्र जुळवा. डीपीएफचाच असेल आणि नुसता पिवळा असेल तर एकसारख्या स्पीडने, गिअर थोडा खालचा ठेवून वीस-पंचवीस मिनिटं चालवा, मधे बंद करू नका. लाल झाला किंवा पिकअप पडला तर चक्कर मारू नका, सरळ वर्कशॉपला न्या.