सोसायटीच्या ग्रुपवर : जिमचा मीटर १,८४० दाखवतोय!

ए-३०२ : संध्याकाळी साडेसातला जिममध्ये कार्बन डायऑक्साइड १,८४० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १,८४०. खाली गेटपाशी, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला लागून, फक्त ४५०. हे प्रदूषण नाही तर काय? कमिटी काही करणार आहे का?

सी-१०१ : ताई, कार्बन डायऑक्साइड प्रदूषण नाही. झाडांचं अन्न आहे. पीयूसीलासुद्धा धरत नाहीत.

बी-७०४ : काका, पीयूसीचं मशीन तो वाचतं, फक्त त्याला मर्यादा नाही. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, कारण ती इंधन अर्धवट जळल्याची खूण. पूर्ण जळलं की डायऑक्साइडच होणार.

ए-३०२ : मग १,८४० म्हणजे विषारी का?

बी-७०४ : नाही. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांची मर्यादा ५,००० आहे. १,८४० चा अर्थ एवढाच की आतली हवा बदलत नाहीये. एकाने सोडलेला श्वास दुसरा घेतोय, सोबत सर्दी-खोकलाही. स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून फिरवतो.

डी-६०३ : मग एसीच काढा, बिल वाचेल 😀

बी-२०५ : बिलावरून आठवलं. थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर कधी लागणार?

सेक्रेटरी : कृपया विषयाला धरून बोला. तो विषय एजीएममध्ये घेऊ.

बी-२०५ : मागच्या एजीएममध्येही हेच म्हणाला होतात.

सी-१०१ : मी पुन्हा सांगतो. झाडांचं अन्न आहे. आपल्या सरकारच्या यादीत १२ प्रदूषक आहेत, त्यात हा नाही.

बी-७०४ : यादीचं बरोबर आहे काका, हवेच्या २००९ च्या मानकांत तो नाही. पण १९८१ च्या हवा कायद्यातली व्याख्या बघा. माणसं, प्राणी, झाडं, मालमत्ता किंवा पर्यावरणाला अपाय होईल इतक्या प्रमाणात हवेत असलेला पदार्थ. तिथे प्रमाण महत्त्वाचं. कारखानदारी येण्याआधी हवेत हा २८० पीपीएम होता, आता ४२० च्या वर. झाडं खातात हे खरं, पण खाऊनही एवढा उरतोय आणि उष्णता धरून ठेवतोय. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही २००७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी त्याला तिथल्या कायद्याखाली प्रदूषक धरलं. जिममध्ये तो प्रदूषक नाही, वातावरणात नक्की आहे.

ए-१००४ : आणि जनरेटरचा पाइप? तीन वर्षं सांगतेय.

बी-७०४ : वहिनी, तुमच्या खिडकीत येते ती काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड. आपल्या १२५ केव्हीए क्षमतेच्या जनरेटरला धुराचा पाइप इमारतीच्या वर सव्वादोन मीटर हवा. सूत्र सोपं आहे, केव्हीएचं वर्गमूळ गुणिले ०.२. पाइप वाढवला की तुमचा त्रास कमी होईल. पण डिझेलच्या लिटरमागे निघणारा २.७ किलो कार्बन डायऑक्साइड एक ग्रॅमही घटणार नाही. त्यासाठी डिझेलच कमी जाळावं लागेल.

सी-१०१ : म्हणूनच म्हणतो, झाडांचं अन्न! जिममध्ये कुंड्या ठेवा.

बी-७०४ : काका, कुंड्यांना दहा जणांचा श्वास झेपणार नाही. अंधार पडला की झाडंही तोच वायू सोडतात.

ए-३०२ : मीटर जमिनीवर ठेवू का? हा वायू जड असतो ना?

बी-७०४ : पंखा चालू असला की सगळं मिसळतं. छातीच्या उंचीवर, माणसांपासून मीटरभर लांब ठेवा. सेन्सर एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने थेट हाच वायू मोजणारा आहे ना, तेवढं बघा. बरेच स्वस्त मीटर घामाचा, डिओचा वास पकडून आकडा अंदाजाने काढतात. गच्चीत वीस मिनिटं ठेवा, ४२० ते ४५० यायला हवा.

ए-३०२ : आणि उपाय?

बी-७०४ : दहा जण व्यायाम करत असतील तर आकडा हजाराच्या आसपास ठेवायला तासाला साधारण १,२०० घनमीटर बाहेरची हवा लागते. आपला १२ इंची एक्झॉस्ट कागदावर तेवढी काढतो. पण त्याच्यापुढे गणपतीचं मखर रचून ठेवलंय, आणि समोरची खिडकी एसीसाठी टेपने बंद केलीय. हवा आत शिरायला वाट नसेल तर पंखा नुसता गरगरतो. मखर काढा, खिडकी चार बोटं उघडी ठेवा, मग पुन्हा साडेसातलाच मोजा.

सेक्रेटरी : मखर उद्या सकाळी पंप रूमशेजारी हलवतो.

ए-१००४ : आणि पाइप?