देशी झाडांवरच्या मधमाश्या: लागवड आणि छायाचित्रण

प्रश्न: बागेत गुलाब आणि गेंदेदार शेवंती भरपूर फुलते, तरीही मधमाश्या क्वचितच येतात आणि आल्याच तर छायाचित्रे अस्पष्ट येतात. मधमाश्यांना खरोखर उपयोगी पडतील अशी कोणती देशी झाडे लावावीत?

उत्तर १: अनेक पाकळ्यांच्या संकरित फुलांत पुंकेसरांचेच रूपांतर पाकळ्यांत झालेले असते, त्यामुळे परागकण कमी मिळतात आणि मकरंदापर्यंत सोंड पोहोचत नाही. तुळस, निर्गुडी आणि तीळ लावा. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या मात्र खुडू नका. एका फेरीत मधमाशी बहुधा एकाच जातीच्या फुलांवर फिरते, म्हणून एकेक रोप विखरून लावण्यापेक्षा एका जातीची रोपे जवळजवळ लावलेली बरी. जागा असेल तर तरवड अवश्य लावा. त्याच्या फुलात मकरंद नसतो आणि पराग परागकोशाच्या टोकावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या (मधमाश्यांच्या नात्यातल्या, एकट्या राहणाऱ्या रानमाश्या) फूल घट्ट धरून अंग थरथरवतात आणि तो झाडून घेतात. हे दृश्य एकदा तरी जवळून पाहावेच.

उत्तर २: अन्नाइतकाच निवाराही महत्त्वाचा आहे. जगात मधमाश्या आणि त्यांच्या नात्यातल्या माश्यांच्या मिळून सुमारे २०,००० जाती असून त्यांतील बहुतेक एकट्या राहतात आणि बऱ्याचशा जमिनीत बिळे करतात. त्यामुळे उन्हातला थोडा भाग पालापाचोळ्याने न झाकता मोकळा ठेवावा. गुलाबाच्या पानांना गोल काप दिसले, तर ते बहुधा पानकापी माशीने घरट्यासाठी नेलेले तुकडे असतात. कृपया फवारणी करू नका.

उत्तर ३: छायाचित्रासाठी माशीचा पाठलाग करू नये. ती ज्या फुलांवर वारंवार येते, त्यांतील एकावर आधीच फोकस करून थांबावे आणि शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून अधिक ठेवावा. मधमाशीचे पंख सेकंदाला २०० हून अधिक वेळा हलतात, त्यामुळे पंख किंचित पुसट आले तरी चालते, डोळे स्पष्ट हवेत. निळ्या पट्ट्यांच्या माशीचे नर रात्री काडी जबड्यात धरून झोपतात. पहाटे ते थंडावलेले असताना मॅक्रो लेन्सने निवांत टिपता येतात. काडी हलवू नये आणि माशीला शीतकपाटात ठेवून सुस्त करण्याचा प्रकार तर कधीच करू नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सोबत मधपेटी ठेवली तर?

उत्तर २: छोट्या बागेत नको. पेटीतील हजारो माश्या त्याच फुलांवर तुटून पडतात आणि एकट्या राहणाऱ्या माश्यांना पराग कमी उरतो.