मदत हवी आहे : गर्भातील बाळाच्या श्वासपटलाला छिद्र, फुगा बसवण्याविषयी

नमस्कार.

माझी धाकटी बहीण जिंतूर तालुक्यात राहते. तिला आज पंचवीस आठवडे पूर्ण झाले. मागच्या आठवड्यात परभणीला केलेल्या सोनोग्राफीत बाळाचे जठर छातीत, हृदयाशेजारी दिसले. तिथून छत्रपती संभाजीनगरला पाठवल्यावर डाव्या बाजूचे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) अपुरे राहिल्याचे, यकृताचाही काही भाग वर सरकल्याचे आणि फुप्फुसाचे मोजमाप या आठवड्याला अपेक्षित असते त्याच्या 22 टक्केच असल्याचे निदान झाले. बाळाच्या हृदयाचा एको चांगला आहे. गर्भजलाच्या तपासणीचा अहवाल अजून आलेला नाही.

डॉक्टरांनी समजावले त्यावरून, छिद्र जन्मानंतर शस्त्रक्रियेने बंद करता येते. जिवावर बेतते ते आतड्यांखाली दबून वाढ खुंटलेल्या फुप्फुसांमुळे. मोजमाप 25 टक्क्यांखाली असल्यास 27 ते 29 आठवड्यांत आईच्या पोटातून बारीक दुर्बीण घालून बाळाच्या श्वासनलिकेत लहानसा फुगा बसवतात. फुप्फुसांत सतत तयार होणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, त्यामुळे ती आतून ताणली जाऊन वाढतात, आणि 34व्या आठवड्याच्या सुमारास फुगा काढून घेतात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा गंभीर बाळांपैकी फुगा बसवलेली 40 टक्के बाळे जगून घरी गेली, न बसवलेली 15 टक्के. मात्र मुदतीआधी बाळंतपण होण्याचे प्रमाण फुग्यामुळे 29 वरून 75 टक्क्यांवर गेले. ही तफावत वाचल्यापासून मला झोप नाही.

कारण फुगा आत असताना कळा सुरू झाल्या, तर तो काढल्याशिवाय बाळाला श्वासच घेता येणार नाही, आणि तो काढणारे हात जिंतुरात किंवा परभणीत नाहीत. म्हणजे फुगा बसवल्यापासून काढेपर्यंत त्या रुग्णालयाच्या जवळच मुक्काम करावा लागेल. मुंबई आमच्यासाठी देवगिरी एक्सप्रेसने एका रात्रीचा प्रवास आहे. दाजींना कापूस सोडून इतके आठवडे निघणे कठीण आहे. मी आणि आई सोबत राहू, मोठी मुलगी आजीकडे राहील.

मुंबई, पुणे किंवा हैदराबाद येथे हा उपचार कोणी घेतला आहे का? कोणते डॉक्टर नियमितपणे करतात, रात्री-अपरात्री फुगा काढण्याची सोय तिथे खरोखर असते का, एकूण किती खर्च आला आणि नातेवाइकांच्या मुक्कामाची व्यवस्था कशी झाली, हे कृपया सविस्तर लिहावे. ज्यांनी फुगा न बसवता, नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपण केले, त्यांचेही अनुभव तितकेच हवे आहेत. बाळ वाचले नसेल तरीही सांगावे. गर्भपाताविषयी सल्ला मात्र देऊ नये, तो निर्णय बहिणीने आणि दाजींनी विचारपूर्वक घेतलेला आहे.

शुक्रवारी पुन्हा संभाजीनगरला मोजमाप होणार आहे. त्याआधी उत्तर मिळाले तर तिथल्या डॉक्टरांकडून योग्य ठिकाणची चिठ्ठी त्याच दिवशी घेता येईल.