नव्या पीसीत ड्राइव्ह दिसेना झाली तेव्हा तुम्ही काय केलात?

अनगोळ, बेळगाव
दिवाळीत पीसी जोडला. आय फाइव्ह १२४०० प्रोसेसर, बी ६६० बोर्ड, १ टीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान एसएसडी). बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ड्राइव्हचं नाव स्वच्छ दिसतंय, पण विंडोज ११ टाकायला गेलं की ड्राइव्ह निवडायच्या पानावर यादी कोरी. दोन रात्री त्या कोऱ्या पानाकडे बघत काढल्या, पेन ड्राइव्ह तीनदा नव्याने केला. अडलं होतं बायोसमधल्या व्हीएमडीवर, म्हणजे ड्राइव्ह सांभाळणाऱ्या इंटेलच्या सोयीवर. ते चालू असलं की इन्स्टॉलरला इंटेलचा आरएसटी हा स्टोरेज ड्रायव्हर हातात द्यावा लागतो. बोर्डाच्या साइटवरून उतरवायचा, झिप सोडवून पेन ड्राइव्हवर ठेवायचा (आत आयएनएफ फाइल दिसली पाहिजे, नुसती ईएक्सई चालत नाही), मग ‘लोड ड्रायव्हर’. मी सरळ व्हीएमडीच बंद केलं. पण हे विंडोज टाकायच्या आधी हं; नंतर बंद केलात तर आहे ते विंडोजही बूट व्हायचं नाही. तुमचंही लिहा. सुटलं नसलं तरी लिहा.

निपाणी
आमचं उलटं, बायोसमध्येच पत्ता नाही. बोर्ड नवा, बी ५६०. प्रोसेसर स्वस्तात मिळाला म्हणून १०व्या पिढीचा. वरचा एम.२ स्लॉट (बोर्डावर एसएसडी बसवायची जागा) थेट प्रोसेसरला जोडलेला, आणि त्याला लागणाऱ्या चार लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, प्रोसेसरात ११व्या पिढीपासून आल्या. ड्राइव्ह चांगली, स्लॉट चांगला, दोघांत बोलणंच नाही! मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की. खालच्या स्लॉटात घालताना तो तांदळाएवढा स्क्रू हातातून सुटला. आई टॉर्च धरून, बाबा फरशीवर आडवे, मी कॅबिनेट उलटं करून हलवतोय. सापडला ग्राफिक कार्डाच्या पंख्यात. बाबा म्हणाले, “तंबाखूच्या वखारीत जन्म गेला, पण एवढं वाकलो नव्हतो.”

खानापूर
जुनी हार्ड डिस्क नव्या बोर्डावर लावली, गायब. केबल बदलली. ओल धरली असेल म्हणून ड्रायरनं वाळवली (हसू नका, आमच्याकडे जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते). कारण भलतंच. काही बोर्डांवर एम.२ भरला की एखादा साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लागते तो) बंद पडतो, आणि मी नेमका तोच धरून बसलेलो. शेजारच्या पोर्टात घातली, हजर.

शहापूर, बेळगाव
माझं रिपेअरीचं दुकान आहे. गोकाकचं गिऱ्हाईक कन्नडात सांगतंय, चंदगडचं मराठीत, तक्रार एकच: एसएसडी मेली. काढून बघावं तर दोन खाचांची साटा एम.२ (आकार तोच, पण साटा पद्धतीनं चालणारी), आणि स्लॉट फक्त एनव्हीएमईचा. बसते झकास, दिसत नाही. एक खाच असली तर बहुतेक एनव्हीएमई, पण खोकं वाचूनच घ्या.

चिकोडी
४ टीबीची नवी डिस्क. बायोसमध्ये आहे, ‘धिस पीसी’त नाही. भाचा फोनवर, “मावशी, डिस्क मॅनेजमेंट उघड.” तिथं ती काळ्या पट्टीखाली निवांत बसलेली, ‘अनअलोकेटेड’. इनिशियलाइझ करताना, म्हणजे कोरी डिस्क वापरायला तयार करताना, जीपीटी ही मांडणी निवडली (जुन्या एमबीआर मांडणीत २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही), फॉरमॅट केलं, झालं. पण डेटा असलेल्या जुन्या डिस्कला तोच इनिशियलाइझचा प्रश्न आला तर हात आवरा.

येळ्ळूर
माझं सुटलं नाही, म्हणून लिहितो. नव्या मॉड्युलर (वायरी सुट्या काढता-घालता येणाऱ्या) पॉवर सप्लायची साटा वायर आखूड पडली, म्हणून जुन्या सप्लायची लावली. प्लग बसला की, मग मी कशाला शंका घेऊ? सप्लायच्या टोकाकडची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते, हे नंतर कळलं. बटण दाबलं. टक् असा आवाज, आणि करपलेल्या प्लास्टिकचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत. लग्नाचे फोटो त्याच डिस्कमध्ये. बायकोला अजून “डिटेक्ट होईना” एवढंच सांगितलंय.