कार्यक्षमता 90 की 29? 'उतारा' चालेल का?

देवळीकर: बारावीच्या पोरांसाठी अणुवीज केंद्रावरचं टिपण मराठीत आणतोय. 220 मेगावॉटचं, जडपाण्याचं युनिट. एका ओळीत 'कार्यक्षमता 90 टक्के', पुढच्या परिच्छेदात 'कार्यक्षमता 29 टक्के'. आकडे दोन्ही बरोबर. मुळात पहिला कपॅसिटी फॅक्टर आहे, दुसरा थर्मल एफिशियन्सी. वेगळे शब्द सुचवा.

आर्वीकर: दुसऱ्यासाठी 'औष्णिक कार्यक्षमता' रूढ आहे. वाफेला मिळणारी उष्णता साधारण 755 मेगावॉट, वीज 220. भागा, 29 येतात. पहिलं नुसतं तासांचं गणित: 220 गुणिले 8,760, म्हणजे वर्षाला 192.72 कोटी युनिट. प्रत्यक्षात 173 कोटी निघाले तर 90 टक्के. त्याला 'क्षमता-वापर' म्हणा.

हिंगणघाटकर: थर्मलसाठी शब्द घरचाच आहे भाऊ, 'उतारा'. क्विंटल कापसातून 34 किलो रुई निघाली की 34 चा उतारा.

आर्वीकर: नाही जमत जी. सरकी विकली जाते, तिची ढेप होते. इथं उरलेली उष्णता कंडेन्सरच्या, म्हणजे वापरलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राच्या, पाण्यासोबत निघून जाते. अन् पोरांना उतारा म्हटलं की सातबारा आठवतो.

हिंगणघाटकर: 'कार्यक्षमता 29' वाचून पोरगं म्हणेल, मशीन भंगार आहे. उतारा कमी आला तर कोणी आधी जिनला, म्हणजे रुई काढणाऱ्या मशीनला, दोष देत नाही, कापूस पाहतात. इथंही तसंच. वाफ 250 अंशांची अन् कंडेन्सर 40 अंशांवर, तर कार्नोची मर्यादाच, म्हणजे त्या दोन तापमानांत कोणत्याही इंजिनाला गाठता येणारी कमाल कार्यक्षमताच, 40 टक्के. कोळशाच्या केंद्रात वाफ 540 अंशांची, म्हणून तीच मर्यादा 61 च्या वर जाते. मग दोष टर्बाइनला काहून द्यायचा?

सेलूकर: कोणताही शब्द घ्या, आधी 'स्थूल' की 'निव्वळ' ते लिहा. पंप वगैरेंची घरखपत वजा जाता 220 चे 202 उरतात. 29 चे पावणेसत्तावीस होतात. शिवाय 755 हा आकडा फीडवॉटरच्या, म्हणजे वाफ करायला आत सोडलेल्या पाण्याच्या, प्रवाहावरून काढतात. तो मोजणाऱ्या व्हेंचुरीत, म्हणजे मधे अरुंद असलेल्या नळीत, थर बसला की प्रवाह जास्त दिसतो, उष्णता जास्त धरली जाते अन् टर्बाइन ठणठणीत असूनही कार्यक्षमता घसरलेली दिसते.

आर्वीकर: 'उतारा' मुळात 'अवतरण'वरून. वरून खाली येणं. उत्पादनाशी संबंध नाही.

हिंगणघाटकर: 'उत्तरण'वरून. पार होऊन हाती येणं. नेमका हाच अर्थ.

देवळीकर: अन् 90 चं काय? 'क्षमता-वापर' लिहिलं तर शटडाऊनचे तास भाजकात धरलेत हे कळेल का? ते वगळून मोजणारे पण आहेत.

आर्वीकर: ते वगळणं चूक. पण 'अवतरण'चं मी सोडत नाही.