जर्नल असलेली फाईल सिस्टीम असूनही लाईट गेल्यावर फाईल ० बाईट कशी झाली?

दूधकाटा_संगमनेर
नमस्कार मंडळी, गावातल्या दूध संकलन केंद्रावर काटा आणि फॅट मशीनला जोडलेला एक जुना पीसी आहे, त्यावर उबुंटू, डिस्क साधी ५०० जीबी हार्ड डिस्क, फाईल सिस्टीम (डिस्कवर फाईली मांडून ठेवायची पद्धत) ईएक्सटी४. पायथनमधे मीच एक स्क्रिप्ट लिहिलीय, सभासदाने दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर सगळं एका साध्या मजकुराच्या सीएसव्ही फाईलमधे जातं आणि पावती छापली जाते. दर १० दिवसांनी त्याच फाईलवरून दुधाचा पगार काढतो.

परवा सकाळी सातच्या सुमारास प्रिंटरचा रोल संपला, मी तो बदलत होतो तेवढ्यात लाईट गेली. परत चालू केल्यावर पीसी अगदी नीट बूट झाला, फाईल सिस्टीम चेक केली तर क्लीन म्हणतंय, पण ती सीएसव्ही फाईल ० बाईट. नऊ दिवसांचं दूध गेलं. दोन दिवस घरोघर फिरून पावत्या गोळा करतोय, एका आजींनी सगळ्या पावत्या देवघरातल्या डबीत घडी घालून ठेवल्या होत्या म्हणून त्यांचं तरी पूर्ण मिळालं, पण बऱ्याच जणांनी फेकून दिल्यात.

जर्नल असलं की लाईट गेली तरी डेटा जात नाही असंच मी आजवर समजत होतो. मग हे झालं कसं? डिस्क खराब आहे का?

कीर्द_खतावणी
दादा, डिस्कला काही झालेलं नसावं. आधी जर्नल कशासाठी असतं ते बघा. सोसायटीत आधी कीर्दीत लिहितात आणि मग खतावणीत उतरवतात ना, तसंच. ईएक्सटी४ कुठले ब्लॉक कुठल्या फाईलचे, फाईलची साईज किती, नाव कुठल्या फोल्डरमधे, हे बदल आधी जर्नलमधे लिहितं आणि शेवटी कमिट ब्लॉक टाकतं, तो म्हणजे खालची सही. मधेच लाईट गेली तर पुढच्या बूटला सही असलेल्या नोंदी परत लावल्या जातात, सही नसलेल्या सोडून दिल्या जातात. म्हणून तासभर डिस्क तपासत बसावं लागत नाही, काही सेकंदात काम होतं. पण नेहमीच्या सेटिंगला, म्हणजे डेटा=ऑर्डर्ड मोडमधे, या कीर्दीत फक्त मांडणीचा हिशोब असतो, तुमच्या फाईलच्या आतला मजकूर नसतो. क्लीन म्हणजे मांडणी जुळते एवढंच.

आता एक सांगा, स्क्रिप्ट फाईल कशी लिहिते? दरवेळी डब्ल्यू मोडमधे, म्हणजे जुनं पुसून नव्याने लिहायच्या मोडमधे, उघडून सगळी परत लिहिता का? आणि पावती छापायचा कोड फाईल बंद व्हायच्या आधी आहे का नंतर?

दूधकाटा_संगमनेर
हो, दरवेळी जुन्या सगळ्या ओळी वाचून घेतो, मग डब्ल्यूने उघडून सगळ्या परत लिहितो नवीन ओळीसकट. छपाई त्याच विथ ब्लॉकच्या आतच आहे, म्हणजे फाईल उघडी असतानाच होते.

कीर्द_खतावणी
मग तिथेच सापडलं. डब्ल्यूने उघडल्या क्षणी जुनी फाईल रिकामी झाली. ईएक्सटी४ साधारण दर ५ सेकंदांनी जर्नल कमिट करतं, तुम्ही रोल बदलत होता तेवढ्यात "ही फाईल आता रिकामी" ही नोंद सहीनिशी डिस्कवर गेली. ओळी मात्र काही पायथनच्या बफरमधे आणि बाकीच्या कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पेज कॅशमधे, म्हणजे सगळ्या रॅममधेच. ईएक्सटी४ डिलेड अ‍ॅलोकेशन करतं, मजकुराला डिस्कवर जागा लगेच देत नाही, ते काम साधारण ३० सेकंदांपर्यंत लांबतं. त्यामुळे लाईट गेली तेव्हा डिस्कवरची खरी स्थिती ० बाईट हीच होती आणि जर्नलने ती इमानदारीने जपली.

२००९ मधे उबुंटू ९.०४ च्या टेस्टिंगच्या वेळी असाच गोंधळ झाला होता, क्रॅशनंतर लोकांच्या सेटिंगच्या फाईली रिकाम्या निघत होत्या. तेव्हा ईएक्सटी४ सांभाळणारे थिओडोर त्सो यांनी सांगितलं की मजकूर डिस्कवर हवाच असेल तर प्रोग्रामने एफसिंक (आत्ताच डिस्कवर लिही हा आदेश) द्यायला पाहिजे, आणि सोबत कर्नल २.६.३० मधे एक सोयही आली की अशी रिकामी करून परत लिहिलेली फाईल बंद केली की मजकूर लगेच डिस्ककडे निघतो. पण बंद केली की! तुमची फाईल तर रोल बदलेपर्यंत उघडीच होती.

टर्मिनलवाली
मी तर म्हणेन डेटा=जर्नल मोड लावा, त्यात मजकूर पण जर्नलमधे जातो.

कीर्द_खतावणी
ताई, त्याने नुकसान कमी झालं असतं हे खरं, पण फाईल रिकामी करणं आणि परत लिहिणं ही त्याच्या लेखी वेगवेगळी कामं आहेत, मधे कमिट झालं की रिकामी नाहीतर अर्धवट फाईल मिळणारच. वर प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिली जाते. जुन्या फाईलला हातच लावायचा नाही हा खरा उपाय. त्याच फोल्डरमधे तात्पुरत्या नावाने नवीन फाईल लिहा, फ्लश करा (म्हणजे पायथनचा बफर रिकामा होतो), एफसिंक करा, मग रिनेम करून जुन्या नावावर बसवा, आणि शेवटी फोल्डरलाही एफसिंक. लाईट कधीही जाऊदे, जुनी पूर्ण फाईल मिळेल नाहीतर नवीन पूर्ण.

सर्व्हररूम_नाशिक
यात एक जोड. एफसिंक केलं तरी डिस्कच्या स्वतःच्या कॅशचा प्रश्न राहतो. ईएक्सटी४ बॅरिअर वापरून डिस्कला कॅश रिकामी करायला लावतं आणि ते मुळातच चालू असतं, पण स्पीड वाढवायच्या टिप्समधे ते बंद करणारं नोबॅरिअर लिहिलेलं असतं ते कोणी एफएसटॅबमधे (डिस्क जोडायच्या सेटिंगच्या फाईलमधे) टाकलं असेल तर आजच काढा. मी एका स्वस्त यूएसबी डबीतल्या डिस्कवर हात पोळून घेतलेत, ती कॅश रिकामी झाली म्हणून कळवायची आणि झालेली नसायची, हिशोबाचं काम तसल्या डबीवर ठेवू नका.

आणि खरं सांगू का, सीएसव्ही सोडाच, एसक्यूलाईट हा छोटा डेटाबेस घ्या, पायथनमधे आधीपासून असतंच. एका सभासदाची एक नोंद, एक कमिट, एफसिंक ते स्वतः करतं. हार्ड डिस्कवर एका कमिटला डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, रांगेतल्या माणसाला कळणारही नाही. रोज रात्री तारीख घातलेली वेगळी कॉपी पेन ड्राइव्हवर, एकाच नावावर एक नको, नाहीतर रिकामी फाईल चांगल्या कॉपीवर जाऊन बसते.

दूधकाटा_संगमनेर
सगळ्यांचे मनापासून आभार. कालचा पूर्ण दिवस यातच गेला. एसक्यूलाईट केलं, एफएसटॅब बघितलं, नोबॅरिअर नव्हतं. मग दुपारी केंद्र बंद असताना खोट्या नोंदी टाकत मुद्दाम १५ वेळा प्लग ओढला, एकदाही आधीची नोंद गेली नाही. एकदा मात्र पावती निघाली आणि नोंद नव्हती, कारण छपाई अजून कमिटच्या आधी ठेवली होती. आता आधी कमिट आणि मगच पावती, म्हणजे सभासदाच्या हातात कागद पडला तर त्याचं दूध डिस्कवर आहेच. अजून ११ जणांच्या पावत्या मिळायच्यात, त्यांचं मागच्या १० दिवसांच्या सरासरीने धरायचं असं आज सकाळी सगळ्यांसमोर ठरलं.