जुन्या डेस्कटॉपचा लॅन पोर्ट बंद: सरळ नवं कार्ड, की आधी तपासणी?

महालकर
दहा-बारा वर्षं जुन्या मशीनचा ऑनबोर्ड (मदरबोर्डवरच असलेला) लॅन पोर्ट, म्हणजे नेटची केबल लावायची जागा, गेला की त्यावर डोकं खपवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची चिप बदलायची मजुरी कार्डापेक्षा जास्त पडते. बर्डीच्या बाजारातून पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारं गिगाबिट (१००० एमबीपीएस) लॅन कार्ड आणा, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ऑनबोर्ड लॅन बंद करा, मोकळे व्हा. जूनच्या पहिल्या वादळात गच्चीवरच्या केबलमधून झटका बसलेला पोर्ट परत उठत नसतो.

सक्करदरा_पीसी
पोर्टचा लाइट लागत नाही म्हणजे तो मेलाच, असं कसं म्हणून राहिले भाऊ? अशा मशीनमधली रिअलटेक ८१११/८१६८ ही लॅनची चिप कधीकधी झोपेतच अडकते. मशीन बंद केलं तरी एसएमपीएसचा (मशीनला वीज देणाऱ्या डब्याचा) ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा तिला मिळतच राहतो, म्हणून रीस्टार्टने काही होत नाही. पॉवर वायर भिंतीतून काढा, लॅनची केबलही काढा, पॉवर बटन ३० सेकंद दाबून धरा, दोन मिनिटांनी जोडा. पोर्ट उठला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची खूण काढा, नाहीतर पुन्हा अडकेल.

इतवारी_केबल
दोघंही केबल विसरले. गिगाबिटला आठही तारा लागतात. १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ या चारच. नागपूरच्या उन्हात गच्चीवरच्या केबलची साल कडक होऊन तडकते, पावसात पाणी शिरतं. स्पीड १०० वर अडकला असेल तर बहुतेकदा उरलेल्या चारांपैकी एखादी तार गेलेली असते. तिथे नवं कार्डही १०० च दाखवणार.

महालकर
केबल बदलून बघावी, मान्य. पण पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून 'एलएसपीसीआय' या कमांडच्या हार्डवेअर यादीतही चिप दिसली नाही, तर पुढे काय तपासता?

सक्करदरा_पीसी
बायोसमध्ये ऑनबोर्ड लॅन चालू आहे ना, एवढं बघायचं. असेल तर कार्ड घ्याच. फक्त आधी कॅबिनेट उघडून स्लॉट बघा: इंचभराचा छोटा स्लॉट पीसीआय एक्सप्रेसचा, लांब पांढरा बहुधा जुन्या पीसीआयचा. एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही. आणि पोर्ट झटक्याने गेला असेल तर प्लगला अर्थिंग आहे का ते तपासा, वीज कडाडायला लागली की केबल काढून ठेवा. नाहीतर नवं कार्डही त्याच वाटेने जाईल.